सिरीज कॅपॅसिटरसाठी अर्ज: कोण करू शकतो, काय जोडावं लागतं

दोन समांतर पारेषण वाहिन्यांपैकी एक तुडुंब आणि दुसरी अर्धी रिकामी, असं चित्र दिसलं की सिरीज कॅपॅसिटरची चर्चा सुरू होते. ज्या वाटेचा रिअॅक्टन्स (एसी प्रवाहाला होणारा विरोध) कमी, तिकडे वीज जास्त जाते. वाहिनीच्या मालिकेत कॅपॅसिटर बसवला की तिचा रिअॅक्टन्स घटतो. त्याचा परिणाम शेजारच्या वाहिन्यांवरही होतो, म्हणून वाहिनी स्वतःची असली तरी ग्रिडचालकाची मंजुरी घ्यावी लागते.

अर्ज साधारणपणे वाहिनीचा मालक किंवा पारेषण परवानाधारक करतो. प्रकल्पाची स्वतःची वाहिनी असेल तर वीजनिर्मिती कंपनीही. नियमांचा तपशील देशागणिक बदलतो, तांत्रिक कागद मात्र जवळपास तेच.

सिंगल लाइन डायग्राम (जोडणीचा एकरेषीय आराखडा), वाहिनीचा इम्पिडन्स (एकूण विरोध), कॉम्पेन्सेशनचं प्रमाण, म्हणजे वाहिनीचा किती रिअॅक्टन्स कॅपॅसिटरनं भरून काढायचा (बहुधा २५ ते ७० टक्के), कॅपॅसिटर बँकेचं रेटिंग, एमओव्हीची (कॅपॅसिटरला जादा दाबापासून वाचवणाऱ्या मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टरची) ऊर्जाक्षमता, प्रवाह कॅपॅसिटरला वगळून वळवणाऱ्या बायपास ब्रेकरचा तपशील, आयईसी ६०१४३ या सिरीज कॅपॅसिटरच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चाचणी अहवाल. सोबत लोड फ्लो (कुठल्या वाहिनीतून किती वीज जाते), शॉर्ट सर्किट आणि स्थिरतेचे अभ्यास. इथवर सहसा कुणी अडत नाही.

घोडं पेंड खातं ते सबसिंक्रोनस रेझोनन्सच्या, म्हणजे ग्रिडच्या वारंवारतेपेक्षा कमी वारंवारतेच्या अनुनादाच्या, अभ्यासापाशी. जनित्र आणि ट्रान्सफॉर्मर धरून एकूण रिअॅक्टन्सच्या निम्मं कॉम्पेन्सेशन केलं, तर ५० हर्ट्झच्या जाळ्यात विद्युत अनुनाद सुमारे ३५ हर्ट्झला येतो. रोटरला तो १५ हर्ट्झचा झोका म्हणून जाणवतो. टर्बाइनच्या शाफ्टची नैसर्गिक वारंवारता तिथेच असली तर शाफ्टच जायबंदी होतो. अमेरिकेत नेवाडातल्या मोहावी केंद्रात १९७० आणि १९७१ मध्ये हेच घडलं. म्हणून जवळच्या प्रत्येक जनित्राचा टॉर्शनल डेटा (शाफ्टला पडणाऱ्या पिळाची माहिती) मागतात, आणि तो असतो दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रउत्पादकाकडे. तो डेटा मागणारं पत्र सगळ्यात आधी पाठवा, बाकी कागद नंतर जमवा.

परिसरात पवनचक्क्या असतील तर शाफ्टचा डेटा पुरत नाही. पवनचक्कीची वीज ग्रिडला जुळवणाऱ्या कन्व्हर्टरच्या नियंत्रणाचं ईएमटी (क्षणिक विद्युत बदल दाखवणारं संगणकीय) मॉडेल लागतं. आजूबाजूच्या वाहिन्या बंद पडून प्रकल्प एकट्या कॉम्पेन्सेटेड वाहिनीवर लटकला तर काय होईल, हे अर्ज तपासणारा हमखास विचारतो. ती परिस्थिती अहवालात आधीच घाला.

डिस्टन्स रिलेची (दोषाचं अंतर ओळखून वाहिनी तोडायला लावणाऱ्या संरक्षक यंत्राची) सेटिंग्जही नव्यानं द्यावी लागतात, कारण कॅपॅसिटरमुळे दोषाचं अंतर रिलेला चुकीचं दिसतं, कधी दिशासुद्धा उलटी. शेजारच्या वाहिन्यांच्या रिलेंचंही तेच, त्यामुळे त्यांच्या मालकांशी समन्वयाचं पत्र जोडलेलं बरं. टीसीएससी (थायरिस्टरनं नियंत्रित सिरीज कॅपॅसिटर) बसवणार असाल तर त्याच्या नियंत्रणाचं मॉडेलही द्या.

तत्त्वतः मंजुरी मिळाली म्हणजे लगेच चार्जिंग (यंत्रणेला विजेचा दाब देणं) करता येत नाही. बसवलेल्या यंत्रणेच्या प्रत्यक्ष मापनांवरून मॉडेल सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, मगच चार्जिंगची तारीख मिळते.