बुकिंग एजंट की मॅनेजर? सही करण्याआधी ओळखा

एखाद्या गायिकेचं रील गाजलं की फोन सुरू होतात: ‘मॅडम, तुमचं मॅनेजमेंट आम्ही बघतो.’ बोलणं पुढे सरकलं की कळतं, गृहस्थांकडे गणेशोत्सवाच्या, गॅदरिंगच्या आणि लग्नातल्या संगीत संध्यांच्या सुपाऱ्या आहेत. काम चोख आहे, पण ते बुकिंग एजंटचं.

एजंट कार्यक्रम विकतो. तारीख, मानधन, ॲडव्हान्स, साउंड, गाडीभाडं ठरवतो आणि त्या कार्यक्रमाच्या पैशातून कमिशन कापतो. पाश्चात्त्य देशांत ते साधारण १० टक्के असतं. त्याच्या यादीत कितीतरी कलाकार असतात. तुम्ही नाही तर दुसरं कुणी. मॅनेजर मोजक्यांचाच असतो. गाणं लेबलला, म्हणजे रेकॉर्ड कंपनीला द्यायचं की स्वतः काढायचं, वकील कोण, जाहिरात घ्यायची का, आणि एजंट कोण ठेवायचा, हेही तोच बघतो. त्याचा वाटा तिकडे बहुधा १५ ते २० टक्के, तोही जवळपास सगळ्या कमाईवर. म्हणूनच घसा बसलेला असताना चालून आलेली सुपारी परत करायला सांगणं त्यालाच परवडतं. एजंटकडून ती अपेक्षा करू नये.

बीटल्स या ब्रिटिश बँडचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन याचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. लिव्हरपूलमध्ये घरच्या धंद्यातलं रेकॉर्डचं दुकान सांभाळणाऱ्या या माणसाने १९६२ मध्ये बीटल्सशी करार केला, त्यांना लेदर जॅकेटांतून सुटांत आणलं आणि इतर कंपन्यांचे नकार पचवत पार्लोफोन या लेबलपर्यंत नेलं. यातलं काहीच एजंटच्या कामात बसत नाही. पण बीटल्सच्या नावाने विग आणि खेळणी विकायचे हक्क देताना त्याच्या वतीने असा सौदा झाला की ९० टक्के रक्कम दुसऱ्याच कंपनीकडे गेली. मॅनेजरचं चुकलं तर ते असं वर्षानुवर्षं महागात पडतं. एजंटचं चुकलं तर बहुधा एक रात्र वाया जाते.

कॅलिफोर्नियात हा फरक कायद्यातच आहे. कलाकाराला काम मिळवून द्यायचं तर टॅलेंट एजन्सीचं लायसन्स लागतं. बिनलायसन्स मॅनेजरने शो ठरवले, तर लेबर कमिशनरपुढे त्याचं कमिशन धोक्यात येतं. रेकॉर्डिंगचं कंत्राट मिळवून देण्याला तेवढी सूट आहे.

आपल्याकडे मात्र दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असतात. नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावकारभारी यात्रेची सुपारी द्यायला येतात, आणि सौद्याला बसतो तो फडाचा मॅनेजर. म्हणवतो मॅनेजर, पण त्या घडीला त्याचं काम एजंटचं. फड कसा चालवायचा हे मालक ठरवतो. आपल्या शहरी म्युझिक धंद्यातही मला बऱ्याचदा हेच दिसतं, फक्त मालक कुणीच नसतो.

पूर्वी हे खपून जायचं, कारण रेकॉर्डिंग, वितरण, प्रसिद्धी कॅसेट कंपनी बघायची. आता गाणं स्पॉटिफाय-यूट्यूबवर कलाकारच चढवतो आणि कंपनीची ती सगळी कारकुनी मॅनेजरच्या टेबलावर येते. संगीतकार-गीतकाराची नावं नीट भरली का, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे नोंदणी झाली का, हे कुणी पाहायचं? २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना आपला रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. पण नोंदच नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो. ‘मॅनेजमेंट बघतो’ म्हणणाऱ्याला आयपीआरएसबद्दल विचारा. गडी गडबडला, तर त्याला एजंटच ठेवा आणि एजंटइतकंच कमिशन द्या.

आणि करारात दोन ओळी शोधा. कमिशन फक्त त्याने आणलेल्या कार्यक्रमांवर आहे की सगळ्या कमाईवर? करार संपल्यावर त्याच्या काळातल्या गाण्यांवर त्याचा वाटा किती वर्षं, आणि दरवर्षी किती कमी होत जाणार? सगळ्या कमाईवर वाटा मागून दुसऱ्या ओळीची जागा कोरी ठेवली असेल, तर सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवा.