उंचावलेल्या पिकअपसाठी चाके आणि टायर

पिकअप गाडीला लिफ्ट बसवून तिची उंची वाढवल्यावर कारखान्याची मूळ चाके काढून त्या जागी वेगळ्या मापाच्या रिम आणि मोठे टायर बसवतात. ही निवड बहुतेक वेळा दिसण्यावरून होते. खरे तर आधी गाडीचे काम आणि भार पाहावा, त्यावरून टायर ठरवावा आणि टायरला साजेशी रिम शेवटी घ्यावी. उलट्या क्रमाने गेले की टायर घासतात, स्टीअरिंग ओढते आणि बेअरिंगे लवकर जातात.

लिफ्ट दोन प्रकारची असते. सस्पेन्शन लिफ्टमध्ये स्प्रिंगा, पाटे, शॉक ॲब्सॉर्बर बदलून चॅसिस (गाडीचा सांगाडा) एक्सलपासून, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या आसापासून, वर नेतात. बॉडी लिफ्टमध्ये चॅसिस आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून नुसती बॉडी उचलतात. मागे अखंड एक्सल असलेल्या गाडीत यांपैकी कशानेही डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचा, गोळा जमिनीपासून वर जात नाही. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही व्यास वाढेल त्याच्या निम्मा. दगडधोंड्यांत डिफरन्शियल आपटत असेल तर त्याचा इलाज टायर हाच आहे. लिफ्ट त्या टायरला जागा करून देते.

माप वाचता आले की अर्धे काम झाले. २६५/७० आर १७ म्हणजे रुंदी २६५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १८५.५ मिमी, आणि रिम १७ इंचांची. दोन्ही बाजूंच्या साइडवॉल आणि रिम मिळून व्यास सुमारे ८०३ मिमी, म्हणजे ३१.६ इंच होतो. २८५/७० आर १७ घेतला तर व्यास ८३१ मिमीच्या आसपास जातो. गाडी १४ मिमी वर उठते. दुसऱ्या पद्धतीत माप सरळ इंचांत असते: ३५×१२.५० आर १७ म्हणजे व्यास ३५, रुंदी साडेबारा आणि रिम १७. मोजल्यावर असे टायर लिहिलेल्या मापापेक्षा बरेचदा थोडे लहान भरतात.

३१.६ वरून ३५ इंचांवर गेले की स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ११० च्या वर धावत असते. गिअरही लांब पडतात. एक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी ड्राइव्हशाफ्टचे फेरे, ३.७३ असेल तर ते ३.३७ सारखे वागू लागते, चढावर इंजिन दमते आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सारखा गिअर बदलत तापत राहतो. ४.१० चे क्राउन-पिनियन (एक्सलमधली गिअरजोडी) घातले की गाडी जवळपास मूळ स्वभावावर येते. वजनदार चाक फिरवायला आणि थांबवायला जास्त बळ लागते, म्हणून ब्रेकचे अंतरही वाढते.

भाराकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. टायरवरचा ११६ हा भारांक १२५० किलो सांगतो, १२१ म्हणजे १४५० आणि १२६ म्हणजे १७०० किलो. प्रत्येक टायरने त्या एक्सलवर मान्य असलेल्या वजनाचा निम्मा भार पेलला पाहिजे, आणि थोडी शिल्लकही हवी. रिमचीही भारमर्यादा असते; ती सहसा मागच्या बाजूला कोरलेली किंवा ओतलेली असते. दोन्हींत जी कमी ती गाडीची मर्यादा. एलटी म्हणजे हलक्या ट्रकसाठीचे टायर जास्त हवेवर चालण्यासाठी बांधलेले असतात. त्यांतला ई भारश्रेणीचा टायर साधारण ८० पीएसआय हवेच्या दाबापर्यंतचा असतो. पण जड श्रेणी घेतली म्हणजे चांगले, असे नाही. हौदा रिकामा घेऊन फिरणाऱ्या गाडीत तो टायर दणके देतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके हलकी पडतात. ओझे किंवा ट्रेलर ओढणाऱ्यानेच तो घ्यावा.

सगळ्यात जास्त घोटाळा ऑफसेटमध्ये होतो. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला (चाक जिथे बोल्टने बसते त्या भागाला) टेकणारा पृष्ठभाग यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. तो पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन, आतल्या बाजूला असेल तर ऋण. मूळ रिम साडेसात इंच रुंद आणि ऑफसेट +३० मिमी आहे असे धरू. तिच्या जागी ९ इंच रुंद, शून्य ऑफसेटची रिम बसवली की आतली कड सुमारे ११ मिमी बाहेर सरकते आणि बाहेरची कड तब्बल ४९ मिमी बाहेर येते. सरळ उभ्या गाडीत हे दिसायला रुबाबदार वाटते. स्टीअरिंग पूर्ण वळवले की तोच टायर मोठ्या वर्तुळात फिरतो आणि पुढे बंपरच्या कोपऱ्याला, मागे मडगार्डच्या अस्तराला किंवा बॉडी माउंटला (बॉडी चॅसिसवर टेकते त्या जोडाला) लागतो. अशा वेळी आणखी लिफ्ट घालण्याचा सल्ला मिळतो, पण तो क्वचितच कामाचा असतो. बंप स्टॉप, म्हणजे चाकाची वर जाण्याची हद्द ठरवणारे रबरी ठोकळे, तेच असतील तर खड्ड्यात चाक पूर्ण दाबले गेल्यावर ते मडगार्डच्या कमानीत पूर्वीच्याच जागी पोचते. सस्पेन्शन लिफ्टने मिळालेली जागा तेवढ्यापुरती उरतच नाही.

चाक बाहेर गेले की हबच्या बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर (चाक वळू देणाऱ्या सांध्यावर) तरफेचा ताण वाढतो, आणि एका चाकाला खड्डा लागला तर स्टीअरिंग हातातून हिसका देते. स्पेसर (हब आणि रिम यांच्यामधली चकती) लावूनही परिणाम हाच होतो. स्वतंत्र पुढच्या सस्पेन्शनमध्ये रुंद टायर वरच्या कंट्रोल आर्मला (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याला) लागतो, म्हणून ऑफसेट थोडा कमी करावा लागतो हे खरे. आर्म मोकळा राहील एवढाच तो कमी करावा, शोभेसाठी नाही.

रिम हबवर बसण्याचे नियम तडजोड मानत नाहीत. पुष्कळ पिकअपवर बोल्टवर्तुळ ६×१३९.७ मिमीचे, म्हणजे १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर सहा बोल्ट असे, असते. फोर्ड एफ-१५० ला २००४ पासून ६×१३५ आहे. दोन्ही सहाच नटांचे, नजरेला सारखेच, पण एकमेकांवर बसत नाहीत. मधल्या भोकाचा व्यास हबपेक्षा लहान असेल तर रिम टेकणारच नाही. नटाची बैठक शंकूची, गोलाकार की सपाट, हेही रिमप्रमाणे बदलते आणि जुने नट नव्या रिमला चालतीलच असे नाही. टॉर्क रेंचने आवळून ८० ते १५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

रिमचा व्यास खडबडीत वाटेसाठी लहान बरा, ब्रेक कॅलिपरला जागा राहील इतपत. ३५ इंचांच्या टायरला १७ ची रिम लावली तर साइडवॉल ९ इंच मिळते, २० ची लावली तर साडेसातच. हवा कमी करून वाळूत किंवा दगडांत शिरताना या दीड इंचाने फार फरक पडतो. पोलादी रिम जड असते, पण वाकली तर ठोकून कामापुरती सरळ करता येते.

टायरच्या नक्षीबाबत माझे मत स्पष्ट आहे. बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला ऑल-टेरेन (सर्व प्रकारच्या वाटांचे) टायरच योग्य. मड-टेरेनचे मोठे ठोकळे चिखल फेकून स्वतः साफ होतात, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी असते आणि आवाज दिवसभर कानांत राहतो. बर्फासाठी डोंगरात हिमकण असे चिन्ह असलेला टायर पाहावा. नुसते एम+एस (चिखल आणि बर्फ) पुरेसे नाही.

बसवताना आधी एकच चाक लावून स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे आणि एक बाजू उंचवट्यावर चढवून पुन्हा पाहावे. मग अलाइनमेंट करून हेडलाइटचा झोत खाली आणावा आणि स्पीडोमीटर नव्या मापाला जुळवून घ्यावा. लिफ्ट आणि बाहेर आलेल्या टायरविषयी देशोदेशी कायदे वेगळे आहेत. तेही खरेदीआधी बघावेत. स्टेपनी त्याच व्यासाची हवी. लहान स्टेपनी लावून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह चालू ठेवली तर पुढचे-मागचे एक्सल वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या एक्सलांत ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो.