काँक्रीट ओतताना बोल्ट हलतो कसा आणि रोखायचा कसा

इमारतीच्या राफ्टमधून, म्हणजे पायाच्या जाड काँक्रीटच्या थरातून, सांडपाण्याचा ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप आडवा न्यायचा असेल, तर प्लंबर तो सळयांच्या जाळीवर ठेवतो, दोन्ही तोंडे टोपीने बंद करतो आणि दोन-चार ठिकाणी बाइंडिंग वायरने बांधतो. हातात घेतला तर हा पाइप मीटरमागे जेमतेम दीड किलो भरतो. त्याच्यावर कित्येक टन काँक्रीट पडणार असल्यामुळे तो दबेल किंवा फुटेल, अशी भीती पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो वर येतो. काँक्रीट त्याच्याभोवती चढत जाते, काँक्रीट हादरवून बसवणारा व्हायब्रेटर फिरतो, तारेचे वेढे ताणले जातात आणि काही वेळाने पाइपाची पाठ पृष्ठभागावर दिसू लागते. पायात रुतवायचा बोल्ट असो की स्लॅबमधला पंख्याचा बॉक्स, ओल्या काँक्रीटमध्ये धरून ठेवायची प्रत्येक वस्तू अशीच हलू पाहते.

याचे गणित शाळेत शिकलेल्या आर्किमिडीजच्या तत्त्वाचेच आहे. बुडालेली वस्तू जेवढा द्रव बाजूला सारते, तेवढ्या द्रवाच्या वजनाइतके प्लावक बल तिला वर ढकलते. ११० मिलिमीटरचा पाइप एका मीटरमध्ये साडेनऊ लिटर जागा व्यापतो. पाण्यात बुडवला तर त्याला साडेनऊ किलोचा रेटा बसेल. काँक्रीटची घनता पाण्याच्या सुमारे २.४ पट असल्यामुळे तिथे हाच रेटा मीटरमागे जवळजवळ २३ किलो होतो. पाइपाचे स्वतःचे वजन वजा केले तरी २१ किलो उरतात, म्हणजे तीन मीटरच्या तुकड्यावर साठ किलोंहून अधिक. अनेकजण पाइपात पाणी भरतात आणि आता तो तरंगणार नाही असे समजतात. पण पाणी काँक्रीटपेक्षा बरेच हलके असते, त्यामुळे पाणी भरलेल्या पाइपालाही मीटरमागे बारा-तेरा किलोचा रेटा उरतोच. तो पाइप बांधावाच लागतो, आणि तोही खाली ओढून धरेल असा.

इथे एक शंका रास्त आहे. घमेल्यातले काँक्रीट ढिगासारखे उभे राहते, पाण्यासारखे पसरत नाही. मग त्याला द्रवाचा नियम कसा लागू होतो? ओल्या काँक्रीटमध्ये खडी, वाळू आणि सिमेंटची लापशी एकमेकांत अडकून बसलेली असते. हा अडकाव मोडण्याइतका जोर लागला नाही, तर ते घन पदार्थासारखे आपला आकार धरून राहते आणि जोर त्या मर्यादेपलीकडे गेला की वाहू लागते. व्हायब्रेटर हा जोर पुरवतो. त्याची निडल, म्हणजे काँक्रीटमध्ये बुडवायची नळी, मिनिटाला दहा-बारा हजार कंपने देते, त्या हादऱ्यांत खडीचे दाणे एकमेकांवर टेकून राहू शकत नाहीत आणि निडलच्या आसपासचे काँक्रीट तेवढ्या वेळापुरते खरोखरच जाड द्रव बनते. अडकलेली हवा बाहेर पडते ती याच कारणाने, आणि पोकळ वस्तू वर येतात त्याही याच कारणाने. निडल काढली की काही क्षणांत काँक्रीट पुन्हा आकार धरते आणि वर आलेला पाइप नव्या जागी अडकून राहतो. पुढच्या ठिकाणी निडल बुडवली की तो आणखी थोडा वर सरकतो.

द्रव झालेले काँक्रीट बाजूलाही ढकलते. खोलीच्या दर मीटरला हा दाब चौरस मीटरमागे सुमारे २.४ टनांनी वाढतो. काँक्रीट हळूहळू, थराथराने ओतले तर खालचा थर आवळू, म्हणजे घट्ट होऊ, लागतो आणि दाब तितका वाढत नाही. थंडीच्या दिवसांत मात्र आवळायला वेळ लागतो आणि दाब जास्त काळ टिकतो. बोल्टाच्या किंवा चौकटीच्या दोन्ही बाजूंना काँक्रीट सारख्या उंचीने चढत असेल तर हे दाब एकमेकांना तोलतात. पंपाचा पाइप एकाच बाजूला धरून सगळे काँक्रीट तिकडून लोटले, तर ती वस्तू दुसऱ्या बाजूला झुकणारच. माझ्या मते साइटवर वाकडे झालेले निम्मेअधिक बोल्ट बांधणीतल्या चुकीपेक्षा या घाईमुळे वाकडे होतात.

घराच्या स्लॅबमध्ये असतात त्या वस्तू लहान असतात. विजेच्या वायरीसाठी टाकलेल्या २५ मिलिमीटरच्या पाइपाला मीटरमागे किलोभर रेटा बसतो, आणि तो सळयांना मीटर-मीटरवर बांधला की पुरते. पंख्याचा हूक ज्यात असतो त्या फॅन बॉक्सची अडचण वेगळी असते. तो सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅबखालच्या तात्पुरत्या साच्याला, तोंड टेकून बसला पाहिजे, नाही तर लापशी फटीतून आत शिरते, हुकाभोवती घट्ट होते आणि सेंट्रिंग उतरल्यावर इलेक्ट्रिशियनला छिन्नी घेऊन स्लॅब फोडावा लागतो. फळीचे सेंट्रिंग असेल तर बॉक्स खिळ्यांनी ठोकता येतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी लोखंडी प्लेटा वापरतात, तिथे खिळा चालत नाही. मग बॉक्स सळयांना बांधतात, आत कागद किंवा थर्माकोल कोंबतात आणि तोंडाला चिकटपट्टी लावतात.

सळयांना बांधणे म्हणजे पक्के बांधणे असे आपण गृहीत धरतो, आणि मला सर्वांत जास्त सावधगिरी इथेच घ्यावीशी वाटते. सळयांची जाळी स्वतः कव्हर ब्लॉकवर, म्हणजे तिला साच्यापासून उचलून धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यांवर, टेकलेली असते. तिच्यावरून घमेली घेऊन माणसे जातात, पंपाचा जाड पाइप ओढला जातो, एखादा कव्हर ब्लॉक निसटतो आणि जाळी दहा-पंधरा मिलिमीटर खाली बसते किंवा सरकते. तिला बांधलेला बॉक्स तिच्याबरोबरच जातो. पंख्याच्या बॉक्सला एवढा फरक खपतो, यंत्राच्या किंवा लोखंडी खांबाच्या बोल्टाला खपत नाही. म्हणून ज्याची जागा मिलिमीटरमध्ये सांभाळायची आहे ते जाळीला नव्हे, तर न हलणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधले पाहिजे. साच्याची फळीही नेहमीच तशी नसते, कारण काँक्रीट भरताना ती फुगते.

लोखंडी खांबाच्या पायाचे बोल्ट बसवणारा कसबी फिटर काय करतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा २४ मिलिमीटरचे चार बोल्ट ३०० मिलिमीटरच्या चौकोनात हवे आहेत. तो सहा-आठ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे टेम्पलेट करतो. त्यात बोल्टांसाठी चार नेमकी भोके असतात आणि मध्ये एक मोठे भोक असते, ज्यातून काँक्रीट आणि निडल आत जाते. प्रत्येक बोल्टावर टेम्पलेटच्या खाली एक नट आणि वर एक नट असतो, त्यामुळे बोल्ट वरही जात नाही आणि खालीही. आट्यांना ग्रीस लावून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. बोल्टांची खालची टोकेही आडव्या सळयांनी एकमेकांना जखडलेली असतात. नाही तर टेम्पलेट जागेवर असूनही बोल्टांचे पाय फाकतात. मग तो कर्ण मोजतो. दोन्ही कर्ण ४२४ मिलिमीटर आले तर चौकोन गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. आखणीच्या वेळी बांधलेल्या बुर्ज्यांवरून, म्हणजे खुणेच्या ठोकळ्यांवरून, लाइनदोरी ताणून तो टेम्पलेटवरच्या खुणा दोरीशी जुळवतो, पाणसळ ठेवून पातळी पाहतो आणि ओळंब्याने प्रत्येक बोल्ट उभा आहे की नाही ते तपासतो. शेवटी टेम्पलेट साच्यापासून वेगळ्या, जमिनीत रोवलेल्या आधारांवर आवळतो.

ही सगळी खटपट कशासाठी, ते दोन आकड्यांवरून कळते. ६०० मिलिमीटर लांबीचा बोल्ट ओळंब्यातून फक्त एक अंश कलला, तर त्याचे टोक साडेदहा मिलिमीटर बाजूला जाते. खांबाच्या तळपट्टीतली भोके बोल्टापेक्षा काही मिलिमीटरच मोठी असतात. एका शेडच्या कामावर मी पाहिले आहे, क्रेनवर खांब लटकत होता आणि खाली चारपैकी तीनच बोल्ट भोकांत जात होते. चौथ्यासाठी गॅसकटरने भोक वाढवावे लागले आणि वर जाड वॉशर वेल्ड करावा लागला. क्रेनचे भाडे तासावर चालू होते, ते वेगळेच.

दुसरा आकडा ताकदीचा आहे. डोके असलेला बोल्ट वर ओढला आणि काँक्रीटच फुटले, तर ते शंकूच्या आकारात निघते. या शंकूची बाजू पृष्ठभागाशी सुमारे ३५ अंशांचा कोन करते. बोल्टाची पकड त्याच्या खोलीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात बदलते. ३०० मिलिमीटर खोल असायला हवा तो बोल्ट ५० मिलिमीटर वर सरकून २५० वर राहिला, तर ही पकड सुमारे २४ टक्क्यांनी घटते. तो कडेकडे सरकला तर शंकू एका बाजूने कापला जातो आणि पकड आणखी कमी होते. वरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, कारण आटे बाहेर आलेले असतात आणि नट बसलेला असतो.

एवढी अचूकता ओल्या काँक्रीटमध्ये जमणार नाही असे वाटले, तर यंत्राच्या पायात बोल्टांसाठी खाचा सोडतात आणि यंत्र बसवल्यावर त्यांत ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ मसाला, भरतात. हा चांगला मार्ग आहे, पण खाच तयार करणारा ठोकळाही काँक्रीटमध्येच बुडतो. १५० बाय १५० मिलिमीटरचा, ६०० मिलिमीटर उंच थर्माकोलचा ठोकळा साडेतेरा लिटर जागा घेतो आणि त्याला सुमारे ३२ किलोचा रेटा बसतो. त्याला वरून आडवी पट्टी घालून दाबून धरले नाही, तर काँक्रीट त्याच्या तळाखाली शिरते आणि खाच उथळ राहते.

काँक्रीट आधी भरून मग ओल्यातच बोल्ट खुपसण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. बोल्ट आत जाताना खडी बाजूला ढकलतो आणि त्याच्याभोवती पाणचट लापशी व हवा राहते, म्हणजे जिथे पकड सर्वांत मजबूत हवी तिथेच ती कच्ची होते.

एवढे करून वस्तू अगदी घट्ट धरली, तरी काँक्रीट स्वतः स्थिर नसते. ओतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत जड दाणे खाली बसतात आणि पाणी वर येते. सगळे काँक्रीट थोडे खचते, पण जखडलेली सळई किंवा पट्टी खचत नाही. तिच्यावरच्या काँक्रीटला तिच्या रेषेत भेग पडते आणि तिच्या पोटाखाली पाण्याची पातळ फट राहते. ज्या आडव्या सळईखाली ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त ओले काँक्रीट ओतले जाते, ती रुतवण्याची लांबी अमेरिकेच्या एसीआय (अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट) संहितेनुसार १.३ पट धरावी लागते, ती याच फटीमुळे. काँक्रीटच्या माथ्यावर बसवायच्या रुंद लोखंडी पट्टीखाली तर हवाही कोंडते. अशा पट्टीला मध्ये भोके ठेवतात, काँक्रीट एका बाजूने भरत नेतात आणि ते दुसऱ्या बाजूने व भोकांतून वर आलेले दिसेपर्यंत थांबत नाहीत.

बोल्ट चुकला तर नंतर भोक पाडून रसायनाने चिकटवू, असे उत्तर हल्ली सर्रास मिळते. पुष्कळ ठिकाणी ते योग्यही असते. पण छताला लटकणाऱ्या आणि सतत ताणाखाली राहणाऱ्या भारासाठी ते वापरताना दोन घटना आठवाव्यात. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेतील बोस्टनमध्ये एका बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे पॅनेल मोटारीवर कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. तिथले बोल्ट चिकटवणारे रसायन, म्हणजे इपॉक्सी, सततच्या ताणाखाली हळूहळू सरकत गेले होते. २ डिसेंबर २०१२ रोजी जपानमधील सासागो बोगद्यात छताची पॅनेले कोसळून ९ जण दगावले. तिथेही छत चिकटवलेल्या बोल्टांवर टांगलेले होते.

ओततानाच अचूक जागी धरलेल्या वस्तूचे उदाहरण पाहायला कोणत्याही रेल्वे फलाटाच्या टोकाशी जावे. रुळांखालच्या काँक्रीटच्या प्रत्येक आडव्या स्लीपरमध्ये ओतीव लोखंडाचे चार इन्सर्ट रुतलेले असतात, रुळाच्या प्रत्येक बाजूला एक, आणि त्यांत अडकवलेल्या क्लिपा रूळ दाबून धरतात. ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटरचे अंतर या चार इन्सर्टच्या जागेवर टिकून असते. कारखान्यात स्लीपर उलटा ओततात, म्हणजे रूळ बसायची बाजू साच्याच्या तळाशी येते आणि इन्सर्ट पोलादी साच्यातच बसवलेले असतात. ना बाइंडिंग वायर, ना हलणारी जाळी.

साइटवर तेवढा भक्कम साचा मिळत नाही, म्हणून तिथला जाणता मिस्त्री काँक्रीट ओतून झाल्याबरोबर घरी जात नाही. व्हायब्रेटर बंद झाला की तो पुन्हा लाइनदोरी ताणतो, कर्ण मोजतो आणि ओळंबा लावतो, कारण काँक्रीट आवळायला लागण्यापूर्वी दोन-चार मिलिमीटरची चूक टेम्पलेटसकट सरकवून आणि तिथे पुन्हा निडल फिरवून सुधारता येते. दुसऱ्या दिवशी टेम्पलेट निघते, चिकटपट्टी सोलली जाते, आट्यांतली लापशी तारेच्या ब्रशने झाडली जाते आणि प्रत्येक बोल्टावर एक-एक नट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहिला जातो.