मदत हवी तर पुरावा आणा: महाराष्ट्रातील कल्याण योजनांच्या कागदपत्रांची पार्श्वभूमी

संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. २०२३ पासून या योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात (दिव्यांगांना २०२५ च्या अखेरीपासून २,५००). म्हणजे आपले अख्खे घर अनुदानापेक्षा जेमतेम अडीचशे रुपये जास्त मिळवते, असा दाखला अर्जदाराने तहसीलमधून आणायचा. घरातला एक माणूस महिन्यातून आठ-दहा दिवस रोजंदारीवर गेला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. तरीही दाखले निघतात, आणि त्यांवर २१,००० हाच आकडा असतो, हे तहसील कार्यालयाशी संबंध आलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. नियम इतका आवळला की तो पाळून कोणी पात्र ठरत नाही. मग पात्र ठरणे तलाठ्याच्या मर्जीवर येते, आणि तिथे ओळख किंवा एजंट उपयोगी पडतो.

गरजूने आपली गरज आधी सिद्ध करायची ही पद्धत या योजनेपेक्षा शंभर वर्षांनी जुनी आहे.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर हे जिल्हे होरपळले. सरकारने दुष्काळी कामे काढली, पण खजिन्याची चिंता मोठी होती. केंद्राचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या सुरुवातीला मजुरी खाली आणली: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. जोडीला कामे घराजवळून हलवून मोठ्या छावण्यांवर नेण्याचे धोरण आले. त्यामागचा तर्क साधा होता. जो खरोखर उपाशी आहे तो घर सोडून, खडी फोडून, पोटापुरत्या मजुरीवरही राहील. जो येणार नाही त्याला गरज नाही. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी अशी कामे सोडून दिली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. सरकारी तर्काने पाहिले तर काम सोडणारे हे सगळे ‘गरज नसलेले’ ठरत होते.

१८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात मदत कशी द्यायची याच्या नियमसंहिता, तयार झाले. त्यांत मजुरीची कसोटी मुख्य राहिली. या कसोटीचा एक गुण मान्य करायला हवा: तिला कारकून लागत नव्हता, अर्ज लागत नव्हता. कामावर हजर झाला तो पात्र. म्हातारे, आजारी, बाळंतिणी यांना ही कसोटी झेपत नव्हती. त्यांच्यासाठी खैराती मदत होती, आणि ती गावकामगारांनी (पाटील-कुलकर्ण्यांनी) तयार केलेल्या यादीवरून मिळे. आजच्या लाभार्थी यादीची पूर्वज हीच यादी. अंगात ताकद असलेल्याची परीक्षा खडीवर होई. दुबळ्याचे भवितव्य यादी लिहिणाऱ्याच्या हातात असे.

हक्क कागदावर असणे आणि लोकांना तो माहीत असणे यांतले अंतरही त्याच काळात दिसले. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या नेतृत्वाखालील सार्वजनिक सभेने खेडोपाडी माणसे पाठवून फॅमिन कोडमध्ये काय लिहिले आहे, शेतसारा माफी कधी मिळू शकते, हे मराठीत समजावून सांगितले. सरकारचेच नियम लोकांना वाचून दाखवण्याचा हा उद्योग सरकारला मानवला नाही. मार्च १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न उलटा मांडण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्याची योजना झाली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि काम मागणे हा हक्क ठरला: मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाही दिले तर बेकारी भत्ता.

कसोटी जुनीच होती, अंगमेहनतीची, पण जबाबदारी आता सरकारवर आली होती. पंधरा दिवस मोजायचे तर मागणी कोणत्या दिवशी झाली हे कागदावर हवे. मागणीचा अर्ज घ्यायचा आणि तारखेची पोच द्यायची नाही, ही युक्ती इथून रुजली. पोच नाही तर मुदत सुरूच होत नाही, मुदत सुरू झाली नाही तर ती संपतही नाही, आणि भत्ता देण्याची वेळ येत नाही. कधी पोच मिळते पण तारखेशिवाय. कधी तोंडी मागणी ऐकून घेतली जाते आणि काम निघाल्यावर सगळ्यांकडून एकाच दिवशी अर्ज भरून घेतले जातात. कागदोपत्री मग प्रत्येकाला मागितल्याबरोबर काम मिळालेले असते. म्हणून रोजगार हमीवर काम करणाऱ्या संघटनांचा पहिला धडा नेहमी तोच राहिला: अर्जाच्या दोन प्रती करा, दुसरीवर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका.

हीच फट २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यातही उरली. दाखल्यांना ठरलेली मुदत आली, दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आली. पण घड्याळ सुरू होते ते परिपूर्ण अर्जापासून. ‘त्रुटी’ काढून अर्ज परत पाठवला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्रुटी एकेक करून काढल्या जातात हा यातला खरा जाच आहे: आधी शिधापत्रिकेची प्रत अस्पष्ट, ती दिली की स्वयंघोषणापत्रावर सही नाही, ती केली की फोटो जुना. तालुक्याच्या प्रत्येक फेरीत एक दिवसाची मजुरी बुडते. सगळ्या त्रुटी एकदम लेखी मागितल्या तर निम्म्या फेऱ्या वाचतात.

अंगमेहनतीकडून कागदाकडे मोठी उडी पडली ती रेशनमध्ये. १९९७ पर्यंत रेशन जवळपास सर्वांसाठी होते. त्या वर्षी केंद्राने लक्ष्याधारित पद्धत आणली आणि गरीब कोण हे ठरवणे भाग पडले. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या: वार्षिक उत्पन्न १५,००० पर्यंत पिवळी, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरी. रुपयाची किंमत घसरत गेली, मर्यादा मात्र तिथेच राहिल्या. २०१४ पासून अन्न सुरक्षा कायदा लागू झाला तेव्हा प्राधान्य कुटुंबांसाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० अशी नवी मर्यादा आली, शिवाय राज्याला सुमारे सात कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांच्या संख्येची कमाल मर्यादा, मिळाला. हा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यामुळे कागदपत्रे चोख असलेल्या माणसालाही ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर मिळू शकते. हातात केशरी कार्ड असते, पण धान्याच्या यादीत नाव नसते. असा माणूस नवनवे दाखले आणत राहतो, कारण अडचण त्याच्या कागदात नसून वरच्या आकड्यात आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

पुढचा टप्पा आधारचा. जिथे पूर्वी माणूस कागद पडताळत होता तिथे दोन नोंदी एकमेकींशी जुळवणारे यंत्र आले. मराठी नावांची इथे विशेष पंचाईत होते. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, मतदार यादीत नवऱ्याचे, बँकेत फक्त आद्याक्षरे; त्यात देवनागरीतून रोमन लिपीत जाताना एकाच आडनावाची तीन स्पेलिंगे. माणसाला हे सारे एकच बाई दिसते, यंत्राला तीन. जन्मतारीख माहीत नसलेल्या पिढीच्या आधारवर अंदाजे वर्ष आणि बहुतेकदा १ जानेवारी असते. श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षे पूर्ण लागतात. आधार काढताना कोणी पाच वर्षे कमी सांगितली असतील तर पाच वर्षे थांबावे लागते.

पैसे कुठे जातात हाही गोंधळाचा भाग. आधार बँकेला ‘जोडणे’ आणि थेट लाभासाठी ‘सीडिंग’ (अनुदान कोणत्या बँकेत जावे याची नोंद) होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार क्रमांकावर येणारी रक्कम एनपीसीआयच्या (बँकांमधली देवघेव हाताळणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत शेवटी ज्या बँकेचे नाव चढले त्या खात्यात जाते. २०१७ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत ग्राहकांच्या नकळत खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले, ते याच रचनेमुळे. ‘पैसे आलेच नाहीत’ या तक्रारीत म्हणूनच आधी सीडिंगची स्थिती पाहायची आणि कोणती बँक दिसते ते बघून त्या बँकेचे पासबुक भरून घ्यायचे. अनेकदा रक्कम विसरलेल्या खात्यात पडलेली असते.

अंगठ्याचे दुःख निराळे. आयुष्यभर माती, सिमेंट, भांडी यांत गेलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात, वयानेही पुसट होतात. प्रमाणीकरण फसले म्हणून लाभ नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात बजावले. दुकानात मात्र यंत्र ‘नाही’ म्हणाले की पर्यायी मार्ग वापरणे दुकानदाराच्या हाती असते, आणि पर्यायी मार्गाने दिलेल्या धान्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. खडीच्या कसोटीत रापलेले हात हा पुरावा होता, आता तेच हात आडवे येतात.

अट सोडली तर काय होते हेही सरकारने दोनदा दाखवून दिले आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीसाठी शेतकऱ्याला ऑनलाइन अर्ज भरावा लागला. केंद्रांवर रात्री रांगा लागल्या, सर्व्हर बसला, आणि बँकांच्या याद्या अर्जांशी जुळेनात. २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले योजनेत अर्जच नव्हता: बँकांनी याद्या दिल्या, त्या गावात लागल्या, शेतकऱ्याने विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर अंगठा दिला. रक्कम चुकीची वाटली तर जिल्हा समितीकडे तक्रार. कर्जाची माहिती बँकेकडे आधीच असताना ती शेतकऱ्याकडून का मागायची, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्यांदा घडले ते २०२४ मध्ये. लाडकी बहीण योजनेचा पहिला शासन निर्णय २८ जूनला निघाला तेव्हा अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागत होता, मुदत १५ जुलैची होती. तहसीलमध्ये झुंबड उडाली. आठवडाभरात अटी सैल झाल्या: अधिवासाऐवजी १५ वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालेल, पिवळ्या-केशरी कार्डधारकांना उत्पन्नाचा दाखला नको, पाच एकरांहून जास्त शेती नसावी ही अट रद्द, मुदत ३१ ऑगस्ट. अर्ज भरून घ्यायला अंगणवाडी सेविका होत्या, त्यांना अर्जामागे ५० रुपये. काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यात पैसे पोहोचले. निराधार योजनेत वर्षानुवर्षे ‘आवश्यक’ असलेले कागद निवडणुकीच्या वर्षात अनावश्यक ठरू शकतात, हे त्यातून समजले.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच योजनेत ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन पडताळणी) आली. कुटुंबाचे उत्पन्न तपासायचे म्हणून बाईच्या आधारसोबत नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधारही मागितले गेले, आणि ओटीपी त्याच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर. दोघेही हयात नसतील तर मृत्यू प्रमाणपत्र, घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची, अशी सोय नंतर झाली आणि मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे यांतला कोणताच कागद नसतो. नवरा जिवंत आहे, घटस्फोट झालेला नाही, आणि ओटीपी त्याच्या फोनवर जातो.