कंट्रोलर धरतं कोण आणि खेळतं कोण?

गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांत कंट्रोलरचा विषय निघाला की एक नियम हमखास ऐकायला मिळतो: लहान हाताला लहान कंट्रोलर, मोठ्या हाताला मोठा. नियम इतका सरळ आहे की तो तपासून पाहावा असं कुणाला वाटतच नाही. मोठ्या हाताची बोटं छोट्या कंट्रोलरवर आखडतात, हे खरं आहे. पण छोटा कंट्रोलर लहान हातालाही तासाभरात नकोसा होऊ शकतो, आणि दिसायला चांगला ऐसपैस असलेला एखादा कंट्रोलर त्याच हातात आरामात बसतो. हाताच्या दृष्टीने कंट्रोलरची लांबी-रुंदी ही नंतरची गोष्ट आहे. आधीचा प्रश्न असा, की धरून ठेवायचं काम कोणत्या बोटांवर पडतं आणि खेळायला कोणती बोटं मोकळी राहतात.

ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६ साली माणसाच्या पकडीचे दोन मूळ प्रकार सांगितले. एक ताकदीची पकड: बोटं आणि तळहात यांच्यामध्ये वस्तू आवळून धरायची, हातोडी धरतो तशी. दुसरी नेमकेपणाची पकड: अंगठा आणि बोटांची टोकं यांच्यात वस्तू हलकेच धरायची, सुई धरतो तशी. बहुतेक कामांत हात या दोन्हींपैकी एक पकड निवडतो. गेम कंट्रोलर मात्र एकाच हाताकडून एकाच वेळी दोन्ही मागतो. करंगळी आणि अनामिकेने धरायचं, अंगठा आणि तर्जनीने खेळायचं, मधल्या बोटाने गरजेप्रमाणे इकडे किंवा तिकडे हात द्यायचा.

कंट्रोलरचा इतिहास या नजरेने पाहिला की त्यातले बदल फॅशनचे वाटत नाहीत. १९८३ च्या निन्टेन्डो फॅमिकॉम या गेम-यंत्राचा कंट्रोलर म्हणजे एक सपाट आयताकृती डबी होती. दोन अंगठे वरून दाबायचे, बाकीची बोटं मागून आधार द्यायची. बटणं मोजकी असल्यामुळे हे चालून गेलं. १९९० च्या सुपर फॅमिकॉमने वरच्या कडेला दोन बटणं दिली आणि तर्जनी आधाराच्या कामातून सुटून खेळात आली. मग वजन पेलायचं कुणी? १९९४ च्या प्लेस्टेशनने वरच्या कडेला चार बटणं ठेवली, पण सोबत खाली दोन मुठीही काढल्या. सोनीचे रचनाकार तेइयू गोतो यांनी केलेली ती रचना मला आजही या क्षेत्रातला सर्वांत शहाणा निर्णय वाटते. मुठीमुळे करंगळी आणि अनामिकेला आवळायला काहीतरी मिळालं आणि अंगठा धरण्याच्या जबाबदारीतून मोकळा झाला.

नुसती मूठ असून भागत नाही, हे २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सने दाखवलं. त्याच्या अगडबंब कंट्रोलरला लोकांनी ‘ड्यूक’ म्हणायला सुरुवात केली. त्याला मुठी होत्या, पण इतक्या जाड की लहान हाताची बोटं त्यांना वेढा घालू शकत नव्हती. बटणापर्यंत अंगठा न्यायचा तर पकड सैल करून तळहात सरकवावा लागे. फेब्रुवारी २००२ मध्ये हा कन्सोल जपानमध्ये आला तो लहान कंट्रोलर घेऊनच आणि लवकरच तो लहान कंट्रोलर बाकीच्या देशांतही रुळला. २०१८ मध्ये मात्र ‘ड्यूक’ पुन्हा बाजारात आला, कारण ज्यांच्या हातात तो नीट बसत होता त्यांना तो मनापासून हवा होता.

आता अंगठ्याकडे वळतो. या सगळ्या प्रकरणातला माझा सर्वांत आवडता भाग तोच आहे.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून, ट्रॅपेझियम नावाचं छोटं हाड असतं. त्याच्यावर अंगठ्याचं पहिलं लांब हाड टेकतं. दोन्ही हाडांची टोकं एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांना वक्र असतात, म्हणून याला खोगिरी सांधा म्हणतात. त्यामुळे अंगठा आत-बाहेर जातो, वर-खाली जातो आणि बोटांच्या समोरही येतो. कंट्रोलरवरची स्टिक, म्हणजे अंगठ्याने सगळ्या दिशांना ढकलायची छोटी दांडी, गोल फिरवता येते ती या सांध्याच्या बळावर. पण या मोकळेपणाची किंमत मोजावी लागते. दार बिजागरीजवळ ढकलून उघडायला किती जोर लागतो ते आठवून पाहा. अंगठ्याचे स्नायू नेमकं तेच करत असतात. बटणावरचा दाब अंगठ्याच्या टोकाशी असतो, म्हणजे मुळाच्या सांध्यापासून कितीतरी सेंटीमीटर दूर. त्याला तोलून धरणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, मात्र सांध्याला जवळजवळ चिकटून जातात. तरफेचा नियम इथेही तोच: भुजा लहान, तर बल मोठं. टोकाशी एक किलोचा दाब द्यायचा तर स्नायूंना त्याच्या अनेक पट ओढावं लागतं आणि ती सगळी ओढ सांध्याची हाडं एकमेकांवर दाबते. कूनी आणि चाओ यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या गणितानुसार साध्या चिमटीत मुळाच्या सांध्यावर येणारा भार टोकाच्या दाबाच्या सुमारे बारा पट असतो. अंगठा ताणून लांबच्या बटणापर्यंत नेला की टोकाकडची भुजा आणखी वाढते. म्हणून एखादं बटण अंगठ्याच्या सहज फिरणाऱ्या कमानीवर आहे की कमानीच्या बाहेर, यावर सगळा खेळ असतो. तिथे एक सेंटीमीटरचा फरकही मोठा ठरतो.

बोटांची गोष्ट याहून वेगळी. बोटं वळवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात आणि त्यांच्या लांब कंडरा मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. त्यामुळे मनगट कसं आहे यावर बोटांची ताकद ठरते. मनगट तळहाताच्या बाजूला पूर्ण वाकवा आणि घट्ट मूठ आवळायचा प्रयत्न करा. जमत नाही. मनगट किंचित मागे घ्या, मूठ लगेच घट्ट होते.

असं का होतं, याचं उत्तर स्नायूच्या आत, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या अंतरावर दडलेलं आहे. स्नायूचा प्रत्येक तंतू सार्कोमियर नावाच्या छोट्या खणांच्या रांगेने बनलेला असतो. प्रत्येक खणात मध्यभागी मायोसिनचे जाड धागे आणि दोन्ही टोकांकडून आत आलेले ॲक्टिनचे बारीक धागे असतात. मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडून मधल्या बाजूला खेचतात, तेव्हा खण आखूड होतो. जितकी डोकी ॲक्टिनपर्यंत पोहोचतील, तितकं बल. गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी १९६६ मध्ये बेडकाच्या एकेका स्नायूतंतूवर मोजमाप करून दाखवलं, की खणाची लांबी सुमारे २.० ते २.२ मायक्रोमीटर असताना बल सर्वाधिक असतं. खण त्याहून लांब ताणला तर धाग्यांची एकमेकांवरची व्याप्ती कमी होते आणि बरीचशी डोकी रिकामी राहतात. खण फार आखडला तर दोन बाजूंचे ॲक्टिन धागे एकमेकांवर चढून अडथळा करतात. मनगट आत वाकलं की बोटांचे स्नायू आधीच आखडलेले असतात, म्हणजे त्यांचे खण सर्वाधिक बलाच्या लांबीपेक्षा आखूड झालेले असतात. तेवढंच बल काढायला मग जास्त तंतू कामाला लावावे लागतात आणि थकवा लवकर येतो.

छोट्या कंट्रोलरचा त्रास इथून सुरू होतो. मूठ बारीक असली की बोटं फार वळतात आणि स्नायू आखडतात. शिवाय दोन्ही हात शरीराच्या मध्यभागी जवळ येतात, कोपरं मात्र बाजूलाच राहतात. हात सरळ समोर धरायचा तर मनगट करंगळीच्या बाजूला वाकवावं लागतं. या स्थितीत अंगठा चालवला की मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेने, अरुंद आवरणातून जाणाऱ्या दोन कंडरांवर ताण येतो. फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेलं दुखणं या आवरणाचंच. मुठी खेळणाऱ्याच्या दिशेने बाहेर फाकवल्या की मनगट सरळ राहतं. चांगल्या कंट्रोलरच्या मुठी तिरक्या असतात त्या यासाठी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मनगट दुखायला लागलं की तांब्याचं कडं किंवा चुंबकीय पट्टा घालायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. संधिवाताच्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही दोन्ही साधनं खोट्या साधनांपेक्षा अधिक उपयोगी ठरली नाहीत. कंडरेवरचा ताण यांत्रिक आहे; तो कमी करायचा तर मनगटाचा कोन बदलावा लागेल, विश्रांती घ्यावी लागेल, दुखणं टिकलं तर डॉक्टरकडे जावं लागेल. खोक्यावर ‘अर्गोनॉमिक’, म्हणजे शरीराला सोयीचा, असा शब्द छापलेला असला, तरी कुणाच्या हाताला आणि किती वेळासाठी, हे त्यावरून कळत नाही.

वजनापेक्षा पृष्ठभागाकडे लोकांचं लक्ष कमी जातं. स्वीडनमधले वेस्टलिंग आणि योहानसन यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की आपली बोटं वस्तू निसटणार नाही इतपतच, त्यावर थोडी राखीव भर घालून, जोर लावतात. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर हा जोर आपोआप वाढतो. म्हणजे निसरडा कंट्रोलर आपल्या नकळत दिवसभर जास्त आवळला जातो. मुठीवरचे बारीक उंचवटे दिसायला सजावटीचे वाटले तरी ते स्नायूंचं काम हलकं करतात.

राहिला ‘सरासरी हात’. गिल्बर्ट डॅनियल्स यांनी अमेरिकी हवाई दलाच्या ४,०६३ वैमानिकांची दहा मापं तपासली. दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा वैमानिक एकही निघाला नाही. हे १९५२ मध्ये प्रसिद्ध झालं. हाताचंही तसंच. पंजा मोठा पण अंगठा आखूड, बोटं लांब पण तळहात अरुंद, असे हात सर्रास असतात. म्हणून एकच सरासरी माप धरण्यापेक्षा लहान हातांना पोहोचेल असं करून मोठ्यांना जागा सोडणं शहाणपणाचं. २०२० च्या एक्सबॉक्स कंट्रोलरच्या रचनाकारांनी आठ वर्षांच्या मुलाच्या हाताएवढे हात डोळ्यांसमोर ठेवून मुठी आणि ट्रिगर (तर्जनीने ओढायची बटणं) किंचित गोलसर व बारीक केले, ते याच विचाराने.

आणि काही हातांना धरणंच शक्य नसतं. त्यांच्यासाठी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आणि २०२३ मध्ये सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर आला. दोन्ही टेबलावर किंवा मांडीवर ठेवता येतात, त्यांना बाहेरून वेगळी बटणं जोडता येतात आणि ती बटणं हात, पाय, कोपर, जिथे हालचाल शक्य असेल तिथे ठेवता येतात. धरण्याचं काम हातावरून पूर्ण काढून घेतलं, तरी खेळ तोच राहतो.