‘सर्व्हिस पॅक येऊ दे, मग बघू’ : एका सवयीची पार्श्वभूमी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आगेमागे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर दुकानांत गिऱ्हाईक एकच विचारत होतं: विंडोज अकरा टाकू का थांबू? काउंटरपलीकडून येणारं उत्तर मी वीस वर्षं ऐकत आलोय. “गडबड काय हाय? चालतंय न्हवं? मग चालू दे की.”

हे उत्तर आळसातून आलेलं नाही. नवी आवृत्ती घेणं आणि आहे त्या आवृत्तीची दुरुस्ती घेणं या दोन वेगळ्या गोष्टी. त्या एकमेकींत मिसळल्या कशा, हे बघायला थोडं मागं जावं लागतं.

विंडोज ९५ बाजारात आलं २४ ऑगस्ट १९९५ ला, सीडीवर नाहीतर तेरा फ्लॉप्यांवर. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम ही हातात धरायची वस्तू होती. मशीनबरोबर यायची आणि मशीन भंगारात जाईपर्यंत तीच राहायची. नंतर सापडलेल्या चुकांची दुरुस्ती गठ्ठ्यानं यायची, तिला सर्व्हिस पॅक म्हणत. पहिला पॅक येईपर्यंत नव्या आवृत्तीला हात लावू नये, हा सल्ला जगभर चालायचा. आपल्याकडे तो रुजला, कारण बिघडलं तर इंटरनेटवरून काही उतरवून घ्यायची सोयच नव्हती.

विंडोज एक्सपी आलं २५ ऑक्टोबर २००१ ला. त्याच्या दुसऱ्या वर्षी, ऑगस्ट २००३ मध्ये, ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवरून स्वतःहून मशीन-मशीनवर शिरणारा व्हायरस, पसरला. नेट कॅफेत बसणाऱ्यांना ते दृश्य आठवत असेल: पडद्यावर खिडकी उघडायची, साठ सेकंद उलटे मोजले जायचे आणि मशीन बंद. कॅफेवाला पळत यायचा, रनमध्ये ‘शटडाउन’ लिहून पुढं आडवी रेघ आणि ‘ए’ टाईप करायचा, मोजणी थांबायची. पुढच्या टेबलावर तेच. मुलं त्याला जादूगार समजायची. ज्या भोकातून ब्लास्टर शिरत होता त्याची दुरुस्ती मात्र १६ जुलैलाच आली होती. वर्म आला ११ ऑगस्टला. सव्वीस दिवस हातात होते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टनं दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे तोवर मंगळवारची रात्र होते. मग ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि त्यानं फायरवॉल, म्हणजे बाहेरून नेटवरून शिरणाऱ्याला अडवणारी भिंत, आपोआप चालू करून दिली. घोळाची सुरुवात मला इथंच दिसते. सर्व्हिस पॅक म्हणजे ज्याची निवांत वाट बघायची ती गोष्ट, आणि आता सुरक्षाही त्याच पुडक्यात बांधून येऊ लागली.

एक्सपीच्या पुढच्या आवृत्तीनं, व्हिस्टानं, थांबणाऱ्यांची बाजू पक्की केली. जानेवारी २००७ मध्ये ते घरोघरी पोचलं तेव्हा कित्येक प्रिंटर-स्कॅनरना चालणारे ड्रायव्हरच (ते यंत्र विंडोजला ओळखवून देणारे प्रोग्रॅम) नव्हते, आणि ५१२ एमबी रॅमच्या मशीनवर ते बैलगाडीसारखं चालायचं. त्याच्या ६४-बिट आवृत्तीत डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर सिस्टीमच्या आत शिरूच शकत नव्हता. तत्त्वानं बरोबर, पण आमच्यासारख्या छापखानेवाल्यांची त्यात अडचण झाली. असंख्य लोकांनी एक्सपीवरून थेट २२ ऑक्टोबर २००९ च्या विंडोज ७ वर उडी मारली आणि त्यांचं काही बिघडलं नाही.

कोल्हापूरला थांबायची स्वतःची कारणंही होती. इथल्या छापखान्यांचं सगळं काम पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅमवर. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये, आणि तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, कधीच कळली नाही. म्हणून मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बसवायचा, ज्यात ‘क’ किंवा ‘च’ हे आतून इंग्रजी अक्षराच्याच जागेवर बसलेले असतात. फॉन्टच्या पॅकेजला डोंगल लागायचं, म्हणजे ज्याच्याशिवाय पॅकेज चालत नाही अशी किल्लीसारखी डबी. ते प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला मागं खोचायचं. आमच्या प्रेसमध्ये ऐन लग्नसराईत एक मशीन नव्या विंडोजवर नेलं. डोंगल ओळखलं गेलं नाही. पत्रिकेची फाईल उघडली, तर ‘चि. सौ. कां.’ च्या जागी डॉलरची खूण, दोन कंस आणि डोक्यावर टोप्या घातलेली युरोपियन अक्षरं. गिऱ्हाईक समोर खुर्चीत बसलेलं, त्याच्याबरोबर वधूचे मामा. मामांनी चष्मा लावला, वाचायचा प्रयत्न केला, चष्मा काढला. दोन दिवसांनी जुनी हार्डडिस्क परत लावली आणि पत्रिका छापल्या. त्यानंतर आमच्याकडे ‘अपग्रेड’ हा शब्द शिवीसारखा झाला.

मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानांचं दुखणं निराळं. काहींचा हिशेब विंडोजच्या आधीच्या डॉसवरच्या प्रोग्रॅमवर, शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर. ६४-बिट विंडोज असे प्रोग्रॅम चालवतच नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यांत तर यंत्राबरोबर आलेला, यंत्र चालवणारा पॅनेलच एक्सपीचा. तो बदलायचा तर यंत्र बनवणाऱ्यालाच बोलवायचं. दहा हजारांच्या कॉम्प्युटरचा नियम काही लाखांच्या यंत्राला कसा लावायचा?

न्यायानं हेही सांगायला हवं की नव्या आवृत्तीनं मराठीचं भलंच केलं. एक्सपीवर देवनागरी हवी तर भाषेच्या सेटिंगमध्ये खूण करून मूळ सीडी घालावी लागायची, आणि मूळ सीडी असायची कुणाकडं? व्हिस्टापासून ती आपोआप आली.

सीडीवरून आठवलं. चारचौघांत बोलत नाही, पण निम्मी सवय चोरीच्या कॉपीनं लावली. खरी-खोटी तपासणारा अपडेट आला की वॉलपेपर काळा व्हायचा. म्हणून मेकॅनिक विंडोज टाकतानाच अपडेट बंद करून द्यायचा. गिऱ्हाईकही विचारत नसे.

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, आणि १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला. फाईली कुलूपबंद, सोडवायला खंडणी. ‘एक्सपीवाले मेले’ अशी हाकाटी झाली, पण लागण झालेली बहुतेक मशीनं विंडोज ७ ची होती. तेव्हा सातला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत होत्या आणि दुरुस्ती १४ मार्चलाच येऊन पडली होती. मार खाल्ला तो नवी आवृत्ती न घेणाऱ्यांनी नव्हे, दुरुस्ती न घेणाऱ्यांनी.

ती का घेतली नाही, याचा दोष एकट्या गिऱ्हाइकाला देता येत नाही. विंडोज १० हे २९ जुलै २०१५ ला आलं, वर्षभर फुकट. त्याचा आग्रह अपडेटच्याच वाटेनं इतका झाला की काहींनी सकाळी मशीन सुरू केलं तर आत दहा बसलेलं. जिओ येण्याआधीचे दिवस, नेटसेटरवर एक-दोन जीबीचा पॅक, आणि मागच्या दारानं तीन जीबी उतरतायत. लोकांनी अपडेटची सर्व्हिसच मारून टाकली. नको असलेल्या आवृत्तीबरोबर हवी असलेली दुरुस्तीही गेली.

दहा ही शेवटची आवृत्ती, असं मायक्रोसॉफ्टच्याच एका कर्मचाऱ्यानं मे २०१५ मधल्या परिषदेत म्हटलं होतं. यापुढं वर्षाला दोन मोठे बदल येणार होते. त्यातला ऑक्टोबर २०१८ चा बदल काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाईलीच पुसून गेला. २ तारखेला सोडला, ६ ला थांबवला, १३ नोव्हेंबरला पुन्हा दिला. घाईनं घेणारे रडले, थांबलेल्यांना पत्ताही लागला नाही. मे २०१९ पासून होम आवृत्तीतही अपडेट ३५ दिवस पुढं ढकलायची सोय झाली. ब्लास्टरच्या वेळी मोकळे होते त्याहून नऊ दिवस जास्त.

५ ऑक्टोबर २०२१ च्या विंडोज ११ नं प्रश्नच फिरवला. टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे. म्हणजे टाकू का, याआधी मशीन घेईल का हे बघायचं. न घेणाऱ्यांसाठी विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली. तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं.

१४ ऑक्टोबरला कुठलंही मशीन बंद पडलं नाही, फक्त नाव न नोंदवलेल्यांच्या दुरुस्त्या थांबल्या. आमच्या ओळखीचा एक मेकॅनिक गिऱ्हाइकाला हे राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पाणीपातळीच्या (३९ फूट इशारा, ४३ फूट धोका) भाषेत सांगतो: “एकोणचाळीस फूट झालंय समजा. त्रेचाळीस न्हाई. पर सामान वर ठेवायला लागा.”

आमच्या प्रेसमध्ये सध्या दोन मशीनं आहेत. एकावर अकरा आहे, तेही बाहेर पडल्यावर आठ महिन्यांनी टाकलेलं. मंगळवारची दुरुस्ती त्याच आठवड्यात घेतो. दुसऱ्यावर एक्सपी, पेजमेकर आणि मागं ते डोंगल. त्याची नेटला जोडणारी लॅन केबल काढून टेबलाच्या पायाला गुंडाळून ठेवलीय. फाईल न्यायची तर पेन ड्राइव्ह, आणि तो आधी अकराच्या मशीनवर तपासायचा. नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्याच दिवशी ती केबल लावायला जातं.