ओर्दू (मंगोल राजघराण्यातील)

मंगोल खानाच्या एकेका प्रमुख पत्नीचा स्वतंत्र तळ. तंबू, गाड्या, गुरे, चाकरमाणसे आणि उपपत्नी हे सारे तिच्या ताब्यात असे. तेराव्या-चौदाव्या शतकांतील मंगोल बहुपत्नीत्व समजण्यासाठी पत्नींपेक्षा ओर्दू मोजणे अधिक उपयोगी ठरते. ‘उर्दू’ हे भाषेचे नाव याच शब्दावरून आले.

१२५३ मध्ये चंगीझखानाचा नातू बातूखान याच्या तळावर गेलेल्या विल्यम रुब्रुक या फ्रान्सिस्कन भिक्षूने त्याच्या २६ पत्नी सांगितल्या आहेत. प्रत्येकीचा मोठा तंबू आणि त्यामागे सुमारे २०० गाड्या असत. पट्टराणी रांगेच्या पश्चिम टोकाला व शेवटची पत्नी पूर्वेला राही. दोन वस्त्यांत दगड फेकण्याइतके अंतर ठेवीत.

चंगीझखानाच्या पत्नी व उपपत्नी मिळून सुमारे ५०० होत्या, असे इराणी इतिहासकार रशीदुद्दीन लिहितो. हा आकडा ढोबळ मानावा. थोरल्या पत्नी तो पाच देतो : बोर्ते, कुलान, येसुगेन, चीनमधील जिन घराण्याची राजकन्या आणि येसुई. युआन-शी या चिनी इतिहासात मात्र ओर्दू चारच असून जिन राजकन्येचा स्वतंत्र ओर्दू नाही. एका यादीत पत्नींचा मान व दुसरीत तळांची वाटणी नोंदली असावी, असे धरल्यास हा विरोध बराचसा मिटतो.

उपपत्नी एखाद्या खातूनच्या (राणीच्या) ओर्दूत राही. तिला पत्नीपद मिळाले की ‘बोग्ताग’ हे झाडाच्या सालीचे, रेशमाने मढवलेले उंच शिरोभूषण घातले जाई. चंगीझचा नातू व इराणचा मंगोल शासक हुलागू याची पत्नी दोकुझ खातून १२६५ मध्ये वारल्यावर तिचा ओर्दू तुक्तानी या उपपत्नीकडे गेला.

वारसा आईच्या मानावर ठरे. चंगीझनंतरची खानपदे बोर्तेच्या चार मुलांच्या वंशांत राहिली. कुलानचा मुलगा कुल्कान त्यांच्या बरोबरीला आला नाही.

पतीच्या मृत्यूनंतर सावत्र मुलगा किंवा दीर विधवेशी विवाह करी. सख्खी आई अर्थातच वर्ज्य. दोकुझ ही आधी हुलागूचा पिता तोलुई याचीच पत्नी होती. यामुळे ओर्दूची मालमत्ता घराण्यातच राही. विधवेला नकारही देता येई : तोलुईची विधवा सोर्खाख्तानी हिने पतीचा पुतण्या गुयुक याच्याशी विवाह नाकारला, आणि तिचे मुलगे मोंगके व कुब्लाई पुढे खान झाले. इस्लाम स्वीकारलेल्या, हुलागूच्या वंशातील गाझानने १२९५ मध्ये पित्याची विधवा बुलुघान हिच्याशी विवाह केला, तेव्हा शरियतचा पेच उभा राहिला. पिता अर्घून मुसलमान नसल्याने त्याचा विवाहच ग्राह्य नाही, असा तोडगा काढण्यात आला.

सुवर्ण टोळी या रशियाकडील मंगोल राज्याच्या उझबेगखानाच्या दरबारात चार खातून शुक्रवारी त्याच्या दोन्ही बाजूंना बसत, असे मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता नोंदवतो.